फोनवर कंस ऐकू येत नाही

५ सप्टेंबर

मामा,

नमस्कार. हे पत्र मामी तुला वाचून दाखवते आहे हे मला माहीत आहे, म्हणून मामी, तुलाही नमस्कार. आणि मध्येच थांबून "अक्षर बघा हिचं" असं म्हणू नकोस.

रविवारी फोनवर आपण पाऊण तास घालवला. मी विचारायचे कुठला कंस, तू म्हणायचास पुढचा, मी म्हणायचे कशाच्या पुढचा. शेवटी दोघंही दमलो. फोनवर कंस ऐकू येत नाही, हे मान्य करू या. पडद्याच्या ऑपरेशनमुळे तुझ्या डोळ्यांवर अजून दोन महिने पट्टी आहे, तोपर्यंत पत्रं.

आता कामाचं. आमच्या कारखान्यात दवाखान्याच्या खाटा बनतात. माझं टेबल वायरिंगचं. पण प्रोग्राम लिहिणारा माणूस दुसरीकडे गेला आणि मुख्य बाईंना कुणीतरी सांगितलं की हिचा मामा आयुष्यभर यंत्रांचे प्रोग्राम लिहीत होता. जणू ते रक्तातून येतं. त्यांनी मला नव्या खाटेचं काम दिलं. पाठीच्या दुखण्याच्या वॉर्डासाठी चोवीस खाटा हव्या आहेत. तिथले लोक आठवडेच्या आठवडे उताणे पडून असतात. डोकं वर करायचं तर सिस्टर येऊन पायथ्याशी दांडा फिरवते, आणि सिस्टर दोनच आहेत. नव्या खाटेला सहा बटणं असतील. डोकं वर, डोकं खाली, पाय वर, पाय खाली, उंची, आणि सगळं सपाट. रोग्याने स्वतः दाबायची.

प्रत्येक बटणाचं काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, म्हणजे फंक्शन, मी लिहिला. मला त्या सहा फंक्शनांचे पत्ते एका यादीत ठेवायचे आहेत, म्हणजे ज्या नंबरचं बटण दाबलं त्या नंबरचा पत्ता उचलायचा आणि ते काम करून टाकायचं. तुझ्याकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर सी भाषा शिकले तेव्हा पॉइंटर, म्हणजे हेच पत्ते, सुरू झाले आणि मी पळाले होते, आठवतं? तेच आता अंगाशी आलं. मी लिहिलं:

void *kaam[6](void);

कंपायलर (मामी, म्हणजे मी लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) म्हणतो, फंक्शनांची यादी करता येत नाही. इंटरनेटवर पाहिलं, तिथे सगळे एकमेकांशी भांडताहेत आणि माझी ओळ कुणाचीच नाही.

वीस ऑक्टोबरला दवाखान्याची माणसं चाचणीला येतील. जमलं नाही तर मुख्य बाई बाहेरून तयार बोर्ड मागवणार, त्याला सहा महिने लागतात. मी परत वायरिंगच्या टेबलावर. त्याचं मला फार वाईट वाटणार नाही, पण उताणं पडलेल्यांना सहा महिने थोडे नाहीत.

तुझी
भिंगरी


११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

मी सांगतो आहे आणि तुझी मामी लिहिते आहे. (हो, मी लिहिते आहे. आणि अक्षराबद्दल मी काही बोलले नव्हते.)

तुझी कल्पना बरोबर आहे. आम्ही गिरणीच्या यंत्रांना असंच करायचो. चूक एका ओळीत आहे आणि ती फार जुनी चूक आहे, माझ्या हातूनही झाली आहे. (पंधरा वेळा, असं आत्ताच म्हणाले. आता म्हणतात ते लिहू नको.) मी एकेक चिन्ह सांगतो, मामी उतरवून घेते. जशीच्या तशी लिही. का, ते डोळे उघडल्यावर समोर बसून सांगेन, कारण ते सांगताना मला हात हलवावे लागतात.

void *kaam[6](void);

एवढंच. घाबरू नको. कंपायलर रागावत नाही, तो फक्त वाचता येत नाही असं सांगतो.

डोळा बरा आहे. (बरा आहे म्हणतात, पण औषध घालताना लहान मुलासारखे डोकं हलवतात.)

तुझा
मामा


१६ सप्टेंबर

मामी,

हे पत्र तुझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे मामाच्या कानावर जाणार नाही.

मामा ठीक आहे ना? मला खरं सांग. त्याने पाठवलेली ओळ ही माझीच ओळ आहे. अक्षरन् अक्षर तीच. मी चार वेळा पडताळून पाहिली, जेवणाच्या सुट्टीत सोल्डरवाल्यालाही दाखवली. तो शेजारच्या टेबलावर बसतो, मनाचा चांगला आहे, पण काही लपवता येत नाही त्याला. तो म्हणाला, "तुझे मामा विसरायला लागले का गं?" मी त्याला काहीतरी तोडून बोलले आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

हाच माणूस मला सांगायचा की तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामातली कितवी ओळ चुकली होती ते त्याला आठवतं. भुलीच्या औषधाने असं होतं का? की आधीपासून होतं आणि तू एकटीच सांभाळते आहेस? डॉक्टरांना विचारलंस का?

मला ओळ नको. मी मुख्य बाईंना सांगेन की जमत नाही. मला मामा नीट हवा. गरज असेल तर शनिवारची गाडी धरते. त्याला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. त्याच्या समोर मी विचारत राहीन, तो सांगत राहील, आणि मी मिळालं मिळालं म्हणत राहीन.

भिंगरी


२० सप्टेंबर

लाडके भिंगरे,

आधी डोळे पूस. तुझ्या मामांचं डोकं शाबूत आहे. काल वाण्याची यादी मी विसरले, त्यांनी पट्टी बांधून बसल्या जागी सतरा वस्तू म्हणून दाखवल्या.

गुन्हेगार मी आहे. त्यांनी ओळ बरोबर सांगितली होती आणि मीही बरोबर लिहिली होती. पण पहिल्या कागदावर चहा सांडला म्हणून स्वच्छ पानावर उतरवायला घेतली, तेव्हा मला वाटलं हे दोन कंस उगाच आले आहेत. आजूबाजूला आधीच इतके कंस. तीस वर्षं कपडे शिवले, जादा दोरा दिसला की माझी कात्री आपोआप चालते. मी ते दोन कंस गाळले आणि वर मनात म्हटलं, आता कसं सुटसुटीत दिसतं. उरलं ते नेमकं तुझंच होतं, हे मला काय माहीत?

तुझं पत्र मी वर्गात उघडलं आणि आधी रडले, मग हसले. पोरी शिवायच्या थांबल्या. तू म्हणालीस लपव, पण मला जमलं नाही. घरी येऊन यांना सगळं वाचून दाखवलं. "विसरायला लागले का" इथे ते गंभीर झाले. मग मी कंसांचं कबूल केलं आणि ते इतके हसले की पट्टी सरकली. हसू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, मी आठवून पाहिलं.

ही घे खरी ओळ. यांनी तीनदा माझ्याकडून वाचून घेतली:

void (*kaam[6])(void);

पण आता मला चैन पडेना. मी म्हटलं, अहो, दोन कंसांनी असं काय होतं? ते म्हणाले, वाचायला नावापासून सुरुवात करायची. कंस नसले तर नावाला आधी उजवीकडची चौकट आणि गोल कंस येऊन चिकटतात, आणि ती * अशी तारा बिचारी लांब void कडे ढकलली जाते. मग कंपायलरला वाटतं, तू सहा फंक्शनंच्या फंक्शनं यादीत कोंबते आहेस. फंक्शनं यादीत मावत नाहीत. त्यांचे पत्ते मावतात. तारेचा अर्थ पत्ता, म्हणून तिला नावाजवळ धरून ठेवायला ते कंस.

हे मला समजलं, भिंगरे. बाही कुठे जोडायची ते टाक्यांवरून कळतं, तसं काहीसं. यांची जुनी वही मी माळ्यावरून काढली आहे. शनिवारची गाडी धरू नकोस, काम कर.

मामी


२६ सप्टेंबर

मामा आणि मामी,

ओळ चालली. मी टेबलावर हात आपटला तर सोल्डरवाल्याचा चहा हिंदकळला. त्याला सांगितलं की माझे मामा काही विसरत नाहीत, मामीची कात्री चालते. तो म्हणाला, दोघांना नमस्कार सांग.

मामा, मी जे समजले त्याबद्दल माफ कर. आणि मामी, तुझं ते "नावापासून सुरुवात कर" मी भिंतीवर लिहून लावलं आहे.

आता पुढचं. एक चूक गेली आणि तिच्या मागे दोन उभ्या होत्या.

पहिली. यादीत पत्ता ठेवताना मी लिहिलं:

kaam[0] = doke_var();

कंपायलर म्हणतो, इथून काहीच मिळत नाही, आणि तू ते काहीच उचलून ठेवू पाहते आहेस.

दुसरी. पाच फंक्शनं सरळ आहेत, त्यांना काही द्यावं लागत नाही. पण उंचीच्या फंक्शनला आकडा द्यावा लागतो, खाट किती मिलिमीटर वर न्यायची तो. ते यादीत ठेवायला गेले की कंपायलर म्हणतो, हा पत्ता या यादीच्या जातीचा नाही.

सोल्डरवाल्याला एक युक्ती माहीत आहे. पत्त्याच्या आधी कंसात यादीची जात लिहून टाकायची, म्हणजे कंपायलरला सांगायचं की हा त्याच जातीचा आहे, तू गप्प बस. तो गप्प बसतो म्हणे. करू का?

चाचणीला चोवीस दिवस उरले. लवकर कळव.

भिंगरी


३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

तुझं पत्र मिळालं. उत्तर थोडक्यात देतो.

पहिली चूक. नावापुढे रिकामे कंस लावलेस की तू ते काम करायलाच सांगतेस. तुला काम आत्ता करून नको आहे, फक्त कुठे राहतं ते लिहून ठेवायचं आहे. कुणाचा पत्ता मागितला तर त्या माणसालाच हाक मारून दारात उभं करत नाहीत. कंस काढ.

kaam[0] = doke_var;

दुसरी चूक. गप्प बसवू नकोस. माप चुकलेलं असताना आतून टाचणी लावून कपडा अंगावर बसवता येतो, पण माणूस वाकला की टाचणी टोचते. पाच जणांना एक माप बसतं आणि सहावा मोठा आहे, तर सहाव्याला आवळायचं नाही. साचा मोठा करायचा. सहाही फंक्शनांना एक आकडा घ्यायला लाव. ज्याला आकड्याची गरज नाही त्याने तो घ्यावा आणि खिशात ठेवावा.

void (*kaam[6])(int);

मग सगळे एका जातीचे होतील आणि कुणाला दटावावं लागणार नाही. करून पाहा आणि कळव. माझी काळजी करू नकोस.

तुझा
मामा


२१ ऑक्टोबर

मामा,

काल चाचणी झाली. पण आधी एक कबुली.

तुझ्या उत्तराची वाट पाहत आठ दिवस गेले आणि माझा धीर सुटला. मी सोल्डरवाल्याची युक्ती केली. कंपायलर खरंच गप्प बसला. एक चूक नाही, एक इशारा नाही, इतका शांत की मला बरंच वाटलं. खाटेवर माणसाच्या वजनाची वाळूची दोन पोती ठेवली आणि उंचीचं बटण दाबलं. खाट वर गेली. वर गेली आणि थांबेना. अगदी टोकाला जाऊन धडकली, पोती घसरली, एक फुटलं. उंचीच्या फंक्शनला कुणी आकडा दिलाच नव्हता, तर त्याने त्या जागी जो काही कचरा पडलेला होता तोच आकडा म्हणून घेतला. मुख्य बाई आल्या आणि त्यांनी झाडू आणून माझ्या हातात दिला. झाडताना एकच गोष्ट डोक्यात होती. पोत्याच्या जागी कुणीतरी असतं.

दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. "माणूस वाकला की टाचणी टोचते" हे वाचून मी युक्तीची ओळ खोडून टाकली. मग सगळं तू सांगितलंस तसं केलं. सहाही फंक्शनं आकडा घेतात. कंपायलर पुन्हा शांत झाला, पण ही शांतता वेगळी होती. पोती ठेवली, सहाही बटणं शंभर शंभर वेळा दाबली. सोल्डरवाला मोजत होता, सत्तरनंतर त्याचे आकडे चुकायला लागले.

काल दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर आल्या. मुख्य बाई बुटांसकट खाटेवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, दाबा. सिस्टरनी एकेक बटण दाबलं, मग दोन एकदम दाबली, मग मुद्दाम उलटसुलट दाबली. खाट जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. मग सिस्टर म्हणाल्या, उठा, आता मी. त्या झोपल्या, स्वतःच डोकं वर केलं, पाय थोडे वर केले आणि डोळे मिटले. मुख्य बाईंनी विचारलं, काही अडचण? सिस्टर म्हणाल्या, "काही नाही. पाच मिनिटं असंच राहू द्या."

चोवीसच्या चोवीस खाटा मंजूर झाल्या.

आता एक विचारू? तू शिवण कधी शिकलास? माप, साचा, टाचणी, खिसा. आणि मामी त्या पत्रात एकदाही मध्ये बोलली नाही. अशी ती कधी राहत नाही. काय चाललं आहे तिकडे?

भिंगरी


२७ ऑक्टोबर

लाडके भिंगरे,

पकडलंस. ते पत्र मी लिहिलं.

सप्टेंबरच्या शेवटी यांच्या डोळ्याचा पडदा पुन्हा सुटला. एकोणतीस तारखेला दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. तू सगळं टाकून धावत येशील म्हणून यांनीच मला कळवू दिलं नाही. तुझं पत्र नेमकं त्याच दिवशी आलं, आत नेताना यांना एवढंच सांगितलं. मी ते आणि यांची वही घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसले. तीन तास हातात काहीतरी हवंच होतं, आणि शिवण आणलं नव्हतं.

पहिली चूक वहीत सापडली. दुसरी सापडली नाही. यांच्या वहीत त्या युक्तीसमोर लाल शाईने फक्त फुली आहे, का ते लिहिलेलं नाही. मग मी विचार केला की माझ्याकडे पाच बायकांचं एक माप आणि सहावीचं वेगळं असं काम आलं असतं तर मी काय केलं असतं. तेच लिहिलं.

शुद्धीवर आल्यावर यांना विचारणार होते. पण डॉक्टरांनी सात दिवस पालथं झोपायला सांगितलेलं, तोंड उशीत, आणि त्यातून पहिला शब्द काय, तर "भिंगरीला उत्तर कळवलंस?" मी म्हटलं, कळवलं. एकदा म्हटल्यावर पोस्टात टाकावंच लागलं. नंतर बावीस दिवस माझा जीव टांगणीला होता. खाट कोसळून कुणाला लागलं तर, हेच स्वप्न. तुझं परवाचं पत्र यांना वाचून दाखवलं आणि खाटा मंजूर झाल्याचं वाक्य दोनदा वाचलं.

उरलेलं पान यांना हवं आहे. परवानगी दहा ओळींची आहे, मी मोजणार आहे.

मामी


भिंगरी, हे माझं स्वतःचं अक्षर. ओळी वाकड्या आहेत, पण मला त्या दिसताहेत. उजवा डोळा वाचला.

तुझ्या मामीचं उत्तर मी आज ऐकलं. मी असतो तर त्या युक्तीवर तुला चार पानं व्याख्यान दिलं असतं, आणि तू ते न वाचता युक्ती केली असतीस. तिने टाचणी म्हटलं आणि विषय संपवला. चाळीस वर्षं या बाईला मी सांगत होतो की माझं काम तुला कळणार नाही. ती एवढी वर्षं ऐकून घेत होती, याचं मला आज जास्त वाईट वाटतं आहे.

बटणाचा नंबर सहाच्या आत आहे ना, तो पत्ता उचलण्याआधी तपासून घे. यादीबाहेर हात घालू नको.

मामा

(अकरा ओळी झाल्या.)


२ डिसेंबर

मामा आणि मामी,

दुसऱ्या ऑपरेशनचं लपवलंत म्हणून मी तीन दिवस रागावले होते. चौथ्या दिवशी मामाचं वाकडं अक्षर पुन्हा काढून पाहिलं आणि राग गेला. नंबर तपासायची ओळ घातली. आणि नाताळ वगैरेच्या सुट्टीची वाट न पाहता मी पुढच्याच आठवड्यात येते आहे, काही बोलायचं नाही.

काल खाटा वॉर्डात लागल्या. वायरी जोडायला मी आणि सोल्डरवाला गेलो होतो. माणसांना जुन्या खाटेवरून नव्या खाटेवर न्यायला चार चार जण लागत होते, फार हळू काम. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई आहेत, छापखान्यात काम करणाऱ्या. जिन्यावरून पडल्या आणि एकोणीस दिवस उताण्या आहेत. सिस्टरनी त्यांच्या हातात बटणांची पेटी दिली आणि कुठलं काय ते सांगितलं. त्यांनी मला विचारलं, "जोरात जाणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही. बोट काढलं की थांबेल."

त्यांनी बटण दाबलं, लगेच सोडलं. खाट बोटभर वर आली आणि थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. असं सात-आठ वेळा. सोल्डरवाला माझ्या कानात म्हणाला, बिघडलं काय? मी त्याला गप्प केलं. मग त्यांनी बोट तसंच ठेवलं आणि डोकं वर वर आलं, खिडकीच्या चौकटीपर्यंत. तिथे त्यांनी बोट काढलं.

त्या बाहेर बघत राहिल्या. सिस्टर जवळ गेल्या, तर त्यांनी हातानेच थांबा म्हटलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "हे तुम्ही केलंत?"

मी म्हटलं, "आम्ही तिघांनी. बाकीचे दोघं घरी असतात."

"मग घरी सांगा," त्या म्हणाल्या, "समोरच्या गच्चीवर कुणीतरी निळी चादर वाळत घातली आहे. तिचं एक टोक सुटलंय."

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. खरंच सुटलं होतं, आणि वाऱ्यावर उडत होतं. सांगते म्हटलं, म्हणून सांगितलं.

तुमची
भिंगरी